प्यादे देऊन डाव घेणे : गॅम्बिटचा इतिहास आणि मद्रासचे गुलाम कासिम

बुद्धिबळाच्या पटाने आपल्या मराठी भाषेला पुष्कळ काही दिले आहे. राजकारणावर बोलताना आपण सहज ‘शह-काटशह’ म्हणतो. कुणी कुणावर ‘मात’ करतो. एखादा माणूस सरळ बोलत नसेल तर त्याची चाल घोड्याची, अडीच घरांची, असे आपण म्हणतो. यातले ‘शह’ आणि ‘मात’ हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि आता इतके घरचे झाले आहेत की त्यांचे मूळ गाव कुणी विचारत नाही. परंतु याच खेळातील एक महत्त्वाचा शब्द मात्र आपल्याकडे अजून परकाच राहिला आहे. तो शब्द म्हणजे ‘गॅम्बिट’. डावाच्या आरंभीच एखादे प्यादे, क्वचित एखादे मोठे मोहरेही, जाणूनबुजून प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकायचे आणि त्या मोबदल्यात हल्ल्याची संधी मिळवायची, याला गॅम्बिट म्हणतात.

शब्द परका असला तरी त्याच्या इतिहासात आपल्या देशातील एका मुसलमान अभ्यासकाचे नाव कायमचे कोरले गेले आहे, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना बहुधा ठाऊक नसेल. ते नाव मद्रासचे गुलाम कासिम यांचे. त्यांच्या नावाचा गॅम्बिट आजही जगभरच्या बुद्धिबळाच्या ग्रंथांत छापला जातो. त्यांची ओळख करून देणे आणि त्या निमित्ताने या जहाल डावप्रारंभाचा इतिहास सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे.

शतरंजात गॅम्बिट का नव्हता?

बुद्धिबळाचा जन्म भारतातला. ‘चतुरंग’ या नावाने तो इराणात गेला, तेथे ‘चतरंग’ झाला आणि अरबांनी इराण जिंकल्यावर ‘शतरंज’ झाला. अरबांनी हा खेळ नुसता खेळून सोडला नाही. त्यांनी त्याचे शास्त्र केले. बगदादच्या अब्बासी खलिफांच्या दरबारी नवव्या शतकात अल्-अदली आणि दहाव्या शतकात अस्-सूली हे नामांकित खेळाडू होऊन गेले. दोघांनीही शतरंजावर ग्रंथ लिहिले. डाव कसा मांडावा याच्या ठरावीक पद्धती त्यांनी नोंदवल्या. त्या मांडणीला ते ‘ताबिया’ म्हणत. प्रत्येक ताबियाला नाव असे : ‘मुजन्नह’ म्हणजे पंख असलेली, ‘सैफ’ म्हणजे तलवार, ‘सय्याला’ म्हणजे वाहता लोंढा. डावाच्या आरंभाला नाव देऊन त्याचा अभ्यास करण्याची रीत युरोपच्या कितीतरी आधी अरबांनी पाडली होती.

तरीही शतरंजात आजच्यासारखा गॅम्बिट नव्हता. याचे कारण मोहऱ्यांच्या चालीत आहे. त्या काळी वजिराला ‘फर्जीन’ म्हणत आणि तो तिरके एकच घर चाले. आज ज्याला आपण उंट म्हणतो ते मोहरे तेव्हा ‘फील’ म्हणजे हत्ती होते आणि ते तिरकी दोन घरे उडी मारून जाई. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. दोन्ही सैन्ये एकमेकांना भिडायलाच दहा-बारा चाली लागत. अशा संथ खेळात दोन चालींची आघाडी मिळावी म्हणून प्यादे फुकट देणे परवडणारे नव्हते. वेळेला मोल नव्हते, म्हणून वेळ विकत घेणाराही कोणी नव्हता.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन आणि इटलीकडे खेळाचे नियम बदलले. वजीर आडवा, उभा, तिरका कितीही घरे धावू लागला. उंट पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागला. इ. स. १४९७ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे लुसेना याचे पुस्तक छापले गेले, त्यात जुना आणि नवा असे दोन्ही खेळ दिसतात. नव्या नियमांनी राजा एकदम धोक्यात आला. आठ-दहा चालींत मात होऊ लागली. आता एकेका चालीला किंमत आली आणि त्या किमतीपोटी प्यादे देणारे खेळाडू निर्माण झाले.

पैलवानाची टांग

‘गॅम्बिट’ हा शब्द बुद्धिबळात रूढ झाला तो रुई लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूच्या १५६१ च्या पुस्तकापासून. हा शब्द त्याने इटालियन कुस्तीतून उचलला. इटालियन भाषेत ‘गांबा’ म्हणजे पाय आणि ‘गांबेत्तो’ म्हणजे पायात पाय घालून पाडण्याचा डाव. आपल्या आखाड्यात ज्याला ‘टांग मारणे’ म्हणतात तोच हा प्रकार. टांग मारणारा पैलवान क्षणभर एका पायावर उभा असतो. स्वतःचा तोल तो धोक्यात घालतो, तेव्हा कुठे दुसऱ्याचा तोल जातो. डाव साधला तर प्रतिस्पर्धी चीतपट. चुकला तर स्वतःच खाली. गॅम्बिटचे सारे मर्म या एका शब्दात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता पट मांडून बसा, म्हणजे पुढील मजकूर नीट कळेल.

पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे केले. काळ्यानेही तसेच केले. आता पांढरा राजाकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे करतो. हे प्यादे काळ्याच्या प्याद्याच्या माऱ्यात येते आणि ते मारायला काळा मोकळा असतो. हाच राजाचा गॅम्बिट, इंग्रजीत ‘किंग्ज गॅम्बिट’. काळ्याने प्यादे मारले की त्याचे मधले प्यादे बाजूला ओढले जाते आणि पटाचा मध्य पांढऱ्याला मोकळा होतो. शिवाय उंटाच्या प्याद्याची उभी ओळ उघडते. त्या ओळीवर पुढे पांढऱ्याचा हत्ती येऊन बसतो, आणि त्याच ओळीवर काळ्या राजालगतचे सर्वांत दुबळे घर असते. हा झाला लाभ. तोटा असा की एक प्यादे गेले आणि आपल्याच राजासमोरचा पडदा फाटला.

पुढे पांढरा राजाकडचा घोडा काढतो, म्हणजे काळ्या वजिराला शह देता येत नाही. मारून आणलेले प्यादे राखण्यासाठी काळा राजाकडच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे करतो. पांढरा राजाकडचा उंट बाहेर काढून त्या दुबळ्या घरावर रोखतो. काळा तेच घोड्याचे प्यादे आणखी एक घर रेटतो आणि पांढऱ्या घोड्यावर चाल करून येतो. साधा खेळाडू इथे घोडा हलवील. परंतु एका शाखेत पांढरा घोडा तसाच सोडून देतो आणि किल्लेकोट करून राजा कोपऱ्याकडे नेतो. काळा घोडा मारतो, पांढरा वजिराने ते प्यादे मारतो. हिशेबाने पांढरा एका घोड्याने मागे आहे, पण त्याचा वजीर, हत्ती आणि उंट हे तिघेही काळ्या राजावर रोखलेले आहेत आणि काळ्याचे एकही मोठे मोहरे अजून घरातून बाहेर पडलेले नाही. हा ‘मुझिओ गॅम्बिट’.

या नावाचीही एक गंमत आहे. हा डाव सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या पोलेरिओ या इटालियन खेळाडूच्या हस्तलिखितात आढळतो. १६३४ मध्ये साल्विओ याने तो दिला, तेव्हा मुझिओ नावाच्या गृहस्थाने पाहिलेला डाव म्हणून त्याचा उल्लेख केला. १८१३ मध्ये लंडनच्या सॅरट याने भाषांतर करताना, ज्याने डाव नुसता पाहिला त्याचेच नाव डावाला देऊन टाकले. मुझिओचे नाव अशा रीतीने चुकून अजरामर झाले. गुलाम कासिम यांच्या बाबतीत मात्र तसे नाही. त्यांचे नाव त्यांनी कष्टाने मिळवले.

मद्रास विरुद्ध हैदराबाद

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात बुद्धिबळाचे दोन नियम शेजारीशेजारी नांदत होते. बहुतेक सर्वत्र देशी पद्धत चाले. तीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाई, युरोपीय पद्धतीचा किल्लेकोट नसे आणि शह लागला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल करता येई. कंपनीचे अंमलदार युरोपीय पद्धतीने खेळत. या दोन पद्धतींची गाठ हळूहळू पडू लागली होती. आपल्या मुंबईतच १८१४ मध्ये त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळतील असे डाव त्यात दिले होते. देशी विद्वान नव्या नियमांकडे अभ्यासू दृष्टीने पाहू लागल्याची ही खूण होती.

त्यानंतर चौदा वर्षांनी, १८२८ मध्ये, मद्रास आणि हैदराबाद या दोन शहरांत पत्राद्वारे बुद्धिबळाचा सामना सुरू झाला. दोन डाव खेळायचे ठरले होते. तेव्हा आपल्याकडे रेल्वे नव्हती, तारायंत्र नव्हते. एक चाल कागदावर लिहून डाकेने पाठवायची आणि उत्तराची वाट पाहायची. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरो या शहरांत असाच पत्रांचा सामना झाला होता आणि युरोपात त्याचा गाजावाजा झाला होता. त्याच सुमारास आपल्या दक्षिणेत हा सामना व्हावा आणि मद्रासच्या बाजूची मुख्य सूत्रे एका भारतीयाच्या, गुलाम कासिम यांच्या, हाती असावीत, ही मोठी गोष्ट होय. देशी पद्धतीच्या पटावर वाढलेल्या समाजातील हा गृहस्थ परक्या नियमांच्या खेळात इतका पारंगत झाला होता की कंपनीच्या राज्यातील एका राजधानीच्या शहराने आपला डाव त्याच्यावर सोपवला.

सामना संपल्यावर गुलाम कासिम स्वस्थ बसले नाहीत. मद्रासच्या मुलकी सेवेतील जेम्स कॉक्रेन यांच्यासह त्यांनी १८२९ मध्ये मद्रासलाच एक इंग्रजी पुस्तक छापून प्रसिद्ध केले. त्यात मुझिओ गॅम्बिटची चिकित्सा आणि सामन्यातील दोन्ही डाव टिपणांसह दिले होते. बुद्धिबळावरची त्या काळची पुस्तके बहुधा साऱ्या खेळाचा वरवर आढावा घेत. एकाच डावप्रारंभाची एकच शाखा हाती घेऊन, काळ्याने असे केले तर काय आणि तसे केले तर काय, याचा चालीगणिक शोध घेणारी पुस्तके अगदी थोडी होती. जगातील अशा आरंभीच्या पुस्तकांत मद्रासच्या या पुस्तकाची गणना करावी लागते.

त्यांच्या नावाचा जो गॅम्बिट आहे तो याच चिकित्सेशी जोडलेला आहे. वर सांगितलेल्या स्थितीत, पांढरा घोडा माऱ्यात असताना, किल्लेकोट न करता पांढरा वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे करतो. घोडा जाणार हे उघड दिसत असते. पण या एका चालीने पटाचा मध्य पूर्णपणे हाती येतो आणि वजिराकडचा उंटही मोकळा होऊन काळ्याने मारून आणलेल्या प्याद्यावर रोखला जातो. यालाच ‘गुलाम कासिम गॅम्बिट’ म्हणतात. १८४४ मध्ये गुलाम कासिम यांचे निधन झाले. आज जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही ते नाव टिकून आहे.

नाव का टिकले?

वाचकहो, क्षणभर थांबून विचार करण्यासारखा प्रश्न हा आहे. त्या काळी आपल्या देशात चांगले बुद्धिबळपटू एकटे गुलाम कासिमच होते काय? मुळीच नाही. नवाबांच्या हवेल्यांत, पेठांच्या ओट्यांवर, मोहल्ल्यांत, आपल्या कोकणातल्या पडव्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत किती तरी नामी डाव रंगले असतील. प्याद्याने मात करून वाहवा मिळवणारे उस्ताद गावोगाव असतील. त्यांतले आज काय उरले? काहीही नाही. पट गुंडाळला, सोंगट्या डबीत गेल्या आणि विद्या माणसाबरोबर गेली. गुलाम कासिम टिकले, कारण त्यांनी लिहिले. त्यांनी आपला डाव पारखला, त्यातील शक्यता मोजल्या आणि छापून जगापुढे ठेवल्या.

कलकत्त्याचे महेशचंद्र बॅनर्जी यांचेही असेच. जॉन कॉक्रेन नावाचा एक स्कॉटिश बॅरिस्टर तेथे वकिली करीत असे. (हा मद्रासच्या कॉक्रेनहून वेगळा.) १८४८ मध्ये महेशचंद्रांविरुद्ध खेळताना त्याने चौथ्याच चालीला दोन प्याद्यांच्या मोबदल्यात घोडा दिला. तो ‘कॉक्रेन गॅम्बिट’ म्हणून प्रसिद्ध आहे. महेशचंद्र उंटाला बाजूच्या लांब कर्णावर बसवून ज्या पद्धतीने बचाव करीत, त्यावरूनच पुढे ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव रूढ झाले. परंतु हे डाव जगाला कळले ते कॉक्रेनने लिहून ठेवले आणि लंडनच्या मासिकाकडे पाठवले म्हणून. महेशचंद्रांची कीर्ती दुसऱ्याच्या वहीतून आली; गुलाम कासिम यांची त्यांच्या स्वतःच्या पुस्तकातून.

गॅम्बिटची भरती आणि ओहोटी

गुलाम कासिम यांच्या नंतरची तीस-चाळीस वर्षे गॅम्बिटच्या वैभवाची होती. १८५१ मध्ये लंडनला अँडरसन आणि कीझेरित्स्की यांच्यात झालेला डाव ‘अमर डाव’ म्हणून ओळखला जातो. तोही राजाचा गॅम्बिटच होता. अँडरसनने त्यात एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन टाकला आणि उरलेल्या उंट-घोड्यांनी मात केली. समोरच्याने दिलेले मोहरे न घेणे हे तेव्हा भित्रेपणाचे लक्षण मानत.

पुढे स्टाइनिट्झ याने ही हवा बदलली. दिलेले प्यादे खुशाल घ्यावे, शांतपणे बचाव करावा आणि हल्ला ओसरला की ते अधिकचे प्यादे घेऊन डाव जिंकावा, असे त्याने दाखवून दिले. पुढच्या खेळाडूंनी त्यात आणखी एक शहाणपण घातले : घेतलेल्याची हाव धरू नये, योग्य वेळी ते परत करून आपला डाव सावरावा. १९६० मध्ये स्पास्कीकडून याच डावप्रारंभात हरल्यानंतर अमेरिकेच्या बॉबी फिशरने १९६१ मध्ये लेख लिहून राजाचा गॅम्बिट मोडीत निघाल्याचे जाहीर केले. गंमत अशी की पुढे तोच फिशर स्वतः हा गॅम्बिट खेळला आणि जिंकला! वजिराकडचा गॅम्बिट मात्र संयमी असल्याने टिकला. १९२७ मध्ये अलेखाइन आणि कापाब्लांका यांच्या जगज्जेतेपदाच्या ३४ डावांपैकी ३२ डाव त्याच प्रारंभाचे होते.

आजच्या संगणकाला विचारले तर गुलाम कासिम यांच्या जहाल चालीवर काळ्याला अचूक बचाव सापडतो. म्हणून त्यांचे काम फुकट गेले असे समजू नये. जी गोष्ट नीट लिहून मांडली जाते तीच खोडून काढता येते आणि त्या खोडण्यातूनच विद्या पुढे जाते. न लिहिलेली गोष्ट बरोबरही ठरत नाही आणि चूकही ठरत नाही. ती नुसती नाहीशी होते.

आपल्या जवळची उदाहरणे

आपल्या महाराष्ट्राने या खेळात मोठी कामगिरी केली आहे. १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे हे संयुक्त विजेते होते. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी १९७४ पासून सुमारे दहा वर्षे महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद घराबाहेर जाऊ दिले नाही. रोहिणी १९८१ मध्ये आशियाची विजेती झाली. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे मुलामुलींच्या पिढ्या घडवल्या. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला.

आपल्या समाजातील पालकांनी आणखी तीन नावे लक्षात ठेवावीत. पंजाबचे मीर सुलतान खान देशी पद्धतीवर वाढले, युरोपीय नियम उशिरा शिकले, तरी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. त्यांच्याच सोबतच्या मंडळींतील मिस फातिमा १९३३ मध्ये ब्रिटनची महिला विजेती झाली. भोपाळचे मोहम्मद रफीक खान हे व्यवसायाने सुतार. त्यांनी १९८० च्या माल्टा ऑलिंपियाडमध्ये आपल्या पटावरील खेळासाठी रौप्यपदक मिळवले.

काही वडीलधारी मंडळी या खेळाकडे संशयाने पाहतात. त्यांच्या भीतीला आधार आहे. अवध बुडत असताना पटावर मान घालून बसलेल्या दोन नवाबांची प्रेमचंदांची कथा प्रसिद्धच आहे. उलेमांतही याविषयी मतभेद आहेत. कोकणातील आपण बहुतेक शाफई मसलकाचे. त्या मसलकात हा खेळ नापसंत गणला आहे, परंतु पैज नसेल, नमाज चुकत नसेल आणि तोंडी अपशब्द नसतील तर त्याला हराम म्हटलेले नाही. या अटी कोणत्याही पालकाला पटतील अशाच आहेत. घड्याळाकडे लक्ष ठेवून खेळलेला डाव बुद्धीला धार लावतो. घड्याळ विसरून खेळलेला डाव माणसाला खातो.

घरातला गॅम्बिट

शेवटी एक गोष्ट विनयाने सांगावीशी वाटते. सावर्डे पंचक्रोशीतील कितीतरी घरांत दहावीचा निकाल लागला की एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला पुढे शिकवायचे, की ओळखीने आखातात धाडायचे? मुलीला कॉलेजला पाठवायचे, की पुरे करायचे? घरात चार पैसे येणार असताना ते तीन-चार वर्षे सोडून देणे हेही एक प्यादे देणेच आहे. शेजारचा मुलगा पैसे पाठवू लागतो, आपला मुलगा वह्या-पुस्तकांना पैसे मागतो. त्या काळात पटावर आपण मागे पडलो असे दिसते. परंतु ती सोडलेली मिळकत पुढे सबंध डाव उघडू शकते.

मात्र गॅम्बिटचा दुसरा नियमही विसरू नये. प्यादे दिले आणि हल्ला केलाच नाही, तर ते नुसते गेलेले प्यादे असते. पालकांनी तीन वर्षे दिली आणि विद्यार्थ्याने ती टपरीवर आणि मोबाईलवर घालवली, तर त्याला त्याग म्हणता येणार नाही. तो तोटाच. घरच्यांनी काय सोडले आहे आणि त्याच्या मोबदल्यात आपण काय मिळवले आहे, हा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने दर महिन्याला स्वतःशी मांडावा. आणि तो मनात न ठेवता वहीत लिहावा. डाव खेळलात तर चाली लिहून ठेवा. हरलेला डाव तर अवश्य लिहा. परक्या नियमांच्या पटावर बसून, परक्या भाषेत, गुलाम कासिम यांनी एवढेच केले आणि त्यांचे नाव राहिले. आपल्या संस्थेतून उद्या असे नाव निघावे, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.